दुखरा गुडघा आणि वजनाचा काटा

२३ फेब्रुवारी २०२५ रोजीच्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी लठ्ठपणाचा विषय काढला आणि प्रत्येक कुटुंबाने खाद्यतेलाचा वापर दहा टक्क्यांनी कमी करावा, असे आवाहन केले. त्याच वर्षी स्वातंत्र्यदिनी लाल किल्ल्यावरूनही त्यांनी या विषयाचा पुनरुच्चार केला. ज्या देशात दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत अन्नधान्याची टंचाई हा राज्यकर्त्यांपुढील पहिला प्रश्न होता, त्या देशाच्या पंतप्रधानाला वाढत्या वजनाबद्दल राष्ट्राला सावध करावे लागावे, हा काळाचा मोठाच फेरा म्हटला पाहिजे. कुपोषण अद्याप हटलेले नसतानाच हे दुसरे संकट दारात उभे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ या वयोगटातील स्त्रियांपैकी वाजवीपेक्षा अधिक वजन असणाऱ्यांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २०.६ टक्के होते. २०१९-२१ च्या पाहणीत ते २४ टक्क्यांवर गेले. पुरुषांच्या बाबतीत हेच प्रमाण १८.९ वरून २२.९ टक्क्यांवर पोहोचले.

या विषयाची चर्चा सहसा मधुमेह आणि हृद्रोग यांच्याभोवती फिरते. गुडघ्याचा उल्लेख झालाच तर तो शेवटी आणि तोंडी लावण्यापुरता होतो. वस्तुतः सामान्य माणसाला वाढत्या वजनाची पहिली जाणीव अनेकदा गुडघाच करून देतो. रक्तातील साखर तपासणीखेरीज कळत नाही आणि रक्तदाब तर वर्षानुवर्षे मुकाट्याने वाढत राहतो. गुडघा मात्र रेल्वेच्या पुलाचा जिना चढताना, फळ्यापुढे दोन तास उभे राहिल्यावर किंवा देवघरासमोर मांडी घालून बसल्यावर उठताना बोलू लागतो. दुखणे जिवावर बेतणारे नसल्याने त्याची गणना गंभीर रोगांत होत नाही. माणूस मरत नाही, फक्त घराच्या चार भिंतींत हळूहळू अडकत जातो.

दवाखान्यात गेल्यावर जो संवाद होतो, तो बहुतेकांच्या परिचयाचा आहे. डॉक्टर सांगतात, वजन कमी करा, रोज चालत जा. रुग्ण म्हणतो, चालवत नाही म्हणून तर वजन वाढले. दोघांचेही म्हणणे खरे असते आणि म्हणूनच गोष्ट तेथेच थांबते. वजन गुडघ्याला दुखवते आणि दुखरा गुडघा वजन वाढवतो, असे हे दुष्टचक्र आहे. ते खरोखरच सर्व बाजूंनी बंद आहे काय, की त्यातून निघण्याची वाट आहे आणि ती दाखविण्याची जबाबदारी कोणी घेतलेली नाही, हा येथे विचारात घेण्याचा प्रश्न आहे.

वजनाकडून गुडघ्याकडे

गुडघेदुखीचे प्रकार अनेक आहेत. आमवात हा शरीराच्या संरक्षक यंत्रणेतील बिघाडाचा रोग आहे, तर गाऊटचे मूळ रक्तातील युरिक आम्लात असते. या दोहोंचा विचार वेगळा. उतारवयात सर्वाधिक आढळतो तो ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे व्यवहारात ज्याला ‘सांधे झिजणे’ किंवा ‘गुडघ्यातले वंगण संपणे’ म्हणतात तो विकार. हाडांच्या टोकांवर असलेले कूर्चेचे गुळगुळीत आवरण यात विरळ होत जाते, सांध्याच्या अस्तराला सूज येते आणि कडेने हाड वाढू लागते. एका जागतिक अभ्यासानुसार २०२० मध्ये जगातील सुमारे ५९ कोटी ५० लाख लोकांना हा विकार होता आणि त्यातून उद्भवणाऱ्या त्रासाचा सुमारे एक पंचमांश भाग वाढलेल्या वजनाशी निगडित होता. भारतात अशा रुग्णांची संख्या १९९० मध्ये सुमारे दोन कोटी ३५ लाख होती. २०१९ मध्ये ती सहा कोटी २३ लाखांवर गेली. लोकसंख्या वाढली आणि आयुर्मान वाढले, हे या वाढीचे एक कारण होय. पण ते एकमेव कारण नव्हे.

आधी वजन की आधी दुखणे, या वादाचे बरेचसे उत्तर अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावाने दिले आहे. हृद्रोगाच्या अभ्यासासाठी तेथील रहिवाशांची तपासणी १९४८ पासून सुरू झाली होती. त्यांच्यापैकी हयात असलेल्यांच्या गुडघ्यांची क्ष-किरण चित्रे १९८३ ते १९८५ या काळात काढण्यात आली आणि ती सुमारे पस्तीस वर्षांपूर्वीच्या वजनाच्या नोंदींशी ताडून पाहण्यात आली. तरुणपणी ज्यांचे वजन सर्वांत अधिक होते, त्या स्त्रियांना पुढे गुडघ्याची झीज होण्याचा धोका सुमारे दुप्पट असल्याचे १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसून आले. वजन आधी वाढले होते आणि दुखणे मागाहून आले होते. १९९२ मध्ये याच पाहणीतून त्याहून आशादायक गोष्ट पुढे आली. ज्या स्त्रियांचे वजन दहा वर्षांत सुमारे पाच किलोंनी उतरले होते, त्यांच्या बाबतीत गुडघ्याचे दुखणे जडण्याची शक्यता निम्म्याहून कमी झाली होती.

यामागील यंत्रशास्त्र सोपे आहे. चालताना गुडघ्यावर पडणारा भार शरीराच्या वजनाइतकाच नसतो, तो त्याच्या काही पट असतो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी संशोधनात असे आढळले की, एक किलो वजन घटले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. पाच किलो वजन कमी करणाऱ्याने पावलागणिक वीस किलोंचे ओझे उतरवून ठेवले, असा याचा अर्थ. दिवसाकाठी काही हजार पावले पडतात, हे लक्षात घेतले म्हणजे या हिशेबाचे महत्त्व कळते. परंतु गोष्ट केवळ ओझ्याची नाही. स्थूल व्यक्तींमध्ये हाताच्या बोटांचे सांधेही अधिक प्रमाणात झिजलेले आढळतात आणि बोटांवर तर कोणी चालत नाही. चरबी ही निव्वळ साठवण नसून तिच्यातून सूज वाढविणारी द्रव्ये रक्तात मिसळत असतात आणि ती सांध्यांपर्यंत पोहोचतात, हे आता सर्वमान्य झाले आहे.

तथापि, याचा अर्थ गुडघेदुखी म्हणजे खादाडपणाची शिक्षा, असा काढणे अन्यायाचे होईल. चीनची राजधानी बीजिंग येथील वृद्ध स्त्रियांची तुलना फ्रेमिंगहॅमच्या स्त्रियांशी करण्यात आली, तेव्हा अंगाने सडपातळ असूनही बीजिंगच्या स्त्रियांमध्ये गुडघ्याची झीज अधिक आढळली होती. तरुणपणी दररोज दीर्घकाळ उकिडवे बसण्याशी तिचा संबंध असल्याचे पुढील अभ्यासात दिसून आले. निंदणी-खुरपणी, चूल आणि धुणे यांत आयुष्य घालविलेल्या मराठी स्त्रीला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. वय, आनुवंशिकता, जुनी दुखापत आणि कष्ट यांचा वाटा आहेच. वजनाचे महत्त्व एवढ्यासाठी की, या सर्व कारणांपैकी ते बदलता येण्याजोगे आहे. वय आणि आईवडील कोणालाच बदलता येत नाहीत.

गुडघ्याकडून वजनाकडे

चक्राची दुसरी बाजू तितकीशी सरळ नाही. दुखणाऱ्या माणसाची हालचाल कमी होते, हे उघड आहे. तो बसथांब्यापर्यंत चालण्याऐवजी रिक्षा करतो, दुसऱ्या मजल्यावरील मैत्रिणीकडे जाणे टाळतो, बाजारहाट मुलावर सोपवितो. प्रत्येक टाळाटाळ लहानशी असते. पण वर्षभरात तिची बेरीज मोठी होते. त्यातच दुखण्यामुळे रात्रीची झोप मोडते आणि अपुऱ्या झोपेने भूक वाढते. काही वेदनांवर दिली जाणारी स्टेरॉइड, प्रिगॅबलिन आणि ॲमिट्रिप्टिलिन यांसारखी औषधे वजन वाढवू शकतात. ती आपल्या मनाने बंद करणे धोक्याचे; पण डॉक्टरांनी हा परिणाम रुग्णाला आधी सांगावयास हवा, एवढी अपेक्षा रास्त आहे.

तरीही वजन वाढण्याचे सगळे खापर गुडघ्यावर फोडता येत नाही. तसे असते तर गुडघा बदलून वेदना थांबल्यावर वजन आपोआप उतरावयास हवे होते. प्रत्यक्षात शस्त्रक्रियेनंतर अनेक रुग्णांचे वजन होते तेथेच राहते आणि कित्येकांचे वाढतेही. वेदना गेली तरी वेदनेने लावलेली बसून राहण्याची सवय जात नाही आणि ताटातील वाढपही कमी होत नाही.

या बाजूची खरी हानी वजनकाट्यावर दिसतच नाही. गुडघ्याला आधार देण्याचे काम मांडीच्या पुढील भागातील स्नायू करतात. हालचाल थांबली की प्रथम हे स्नायू क्षीण होतात. मांडीचे मांस उतरते आणि पोटाभोवती चरबी साठते. काटा मात्र पूर्वीचाच आकडा दाखवितो. वजन वाढले नाही म्हणून माणूस निश्चिंत असतो आणि सांधा मात्र आधाराविना भार पेलू लागतो. त्यातून दुखणे वाढते, दुखण्याने हालचाल आणखी घटते. याखेरीज भारतीय शरीराची ठेवण अशी की, तुलनेने कमी वजनातच पोटावर चरबी जमते. म्हणूनच उंचीच्या प्रमाणात वजन मोजण्याच्या निर्देशांकाची लठ्ठपणासाठी पाश्चात्त्यांकरिता मानलेली मर्यादा ३० असली, तरी भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये ती २५ धरावी, असे ठरविले.

कोंडी कोठे फुटते?

‘चाला म्हणजे वजन उतरेल आणि वजन उतरले म्हणजे गुडघा थांबेल’ हे समीकरण मान्य केले, तर ज्याला चालवतच नाही त्याच्यासाठी सर्व दारे बंद होतात. परंतु हे समीकरणच अपुरे आहे. साधारण सत्तर किलो वजनाचा माणूस अर्धा तास बेताच्या गतीने चालला, तर जेमतेम सव्वाशे ते दीडशे कॅलरी खर्च होतात. वाटेत खाल्लेला एक वडापाव त्याहून कितीतरी अधिक परत देतो. वजन मुख्यतः स्वयंपाकघरात आणि उपाहारगृहात वाढते आणि तेथेच ते कमी करावे लागते. त्यासाठी गुडघा बरा होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

दुसऱ्या बाजूने, मांडीचे स्नायू बळकट करण्यासाठी वजन आधी उतरण्याचीही गरज नाही आणि मैलोगणती चालण्याचीही नाही. खुर्चीवर बसून पाय सरळ करून धरणे, हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठणे व बसणे, भिंतीच्या आधाराने टाचा उचलणे यांसारखे व्यायाम दुखऱ्या गुडघ्याच्या माणसालाही शिकविल्यास जमतात. ‘आधीच झिजलेला सांधा व्यायामाने आणखी झिजेल’ ही घरोघरची समजूत निराधार आहे. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्याच्या हालचालीनेच तिला पोषण मिळते. तेव्हा आहाराने वजन आणि व्यायामाने स्नायू, अशी कामाची वाटणी केली की हे चक्र दोन्हीकडून एकाच वेळी सैल करता येते.

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना येथे ४५४ स्थूल व गुडघेदुखीने त्रस्त प्रौढांवर अठरा महिने झालेल्या प्रयोगाने हेच दाखवून दिले. २०१३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आहारनियंत्रण व व्यायाम दोन्ही करणाऱ्यांचे वजन सरासरी सुमारे अकरा टक्क्यांनी उतरले आणि वेदना जवळजवळ निम्म्यावर आली. नुसता आहार किंवा नुसता व्यायाम यांपेक्षा दोहोंचा संयोग सरस ठरला. ब्रिटनच्या आरोग्यसेवेला मार्गदर्शन करणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेनेही २०२२ मध्ये या विकाराच्या प्रत्येक रुग्णाला योग्य व्यायाम द्यावा आणि वजन अधिक असल्यास ते उतरविण्यास मदत करावी, असे सांगितले. आपल्याकडे सर्रास लिहून दिल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्या मात्र देऊ नयेत, असे तीच संस्था म्हणते.

आता वजन उतरविणारी नवी औषधेही आली आहेत. सेमाग्लुटाइड या औषधाची चाचणी गुडघेदुखी असलेल्या ४०७ स्थूल रुग्णांवर घेण्यात आली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार ६८ आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी १३.७ टक्क्यांनी, तर औषधाविना इतरांचे ३.२ टक्क्यांनी घटले आणि औषध घेणाऱ्यांची वेदनाही इतरांपेक्षा अधिक कमी झाली. २०२५ मध्ये हे औषध वजन घटविण्यासाठी भारतीय बाजारात दाखल झाले. ही प्रगती स्वागतार्ह आहे. परंतु औषध थांबविल्यावर वजन पुन्हा वाढू लागते आणि वजनाबरोबर स्नायूही काही प्रमाणात उतरतात, हे विसरता येत नाही. सुईने भूक मंदावेल. मांडीत बळ येण्यासाठी हालचालच करावी लागेल.

शेवटच्या टप्प्याचा हिशेब

वाट माहीत असूनही लाखो रुग्ण चक्रातच का फिरत राहतात, याचे उत्तर आपल्या आरोग्यव्यवस्थेच्या जमाखर्चात सापडते. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा सरासरी दीड लाखाहून अधिक किमतीला मिळत असे. त्याची किंमत कर वगळून ५४,७२० रुपये ठरविण्यात आली. २०१८ मध्ये आयुष्मान भारत योजना आली आणि प्रतिकुटुंब वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांची हमी मिळाली. त्यात सांधेबदल शस्त्रक्रियेचाही समावेश आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सत्तरी गाठलेल्या सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, तिचा लाभ देण्यात आला. ही पावले निःसंशय लोकहिताची होती. ज्याचा गुडघा पूर्णपणे निकामी झाला आहे त्याला शस्त्रक्रियेसारखा दिलासा नाही आणि निव्वळ वजन अधिक म्हणून ती कोणाला नाकारणेही योग्य नव्हे.

परंतु ही सारी तरतूद शेवटच्या टप्प्याची आहे. आयुष्मान योजनेत रुग्णालयात दाखल होण्यापूर्वीचे तीन आणि घरी परतल्यानंतरचे पंधरा दिवस मोजले जातात. त्याआधीची पंधरा वर्षे मोजली जात नाहीत. बाह्यरुग्ण विभागातील उपचार योजनेच्या बाहेर आहेत. खासगी विमाही बहुधा रुग्णालयात दाखल झाल्याखेरीज हात सैल करीत नाही. ज्या पंचेचाळिशीतील शिक्षिकेचा गुडघा नुकताच कुरकुरू लागला आहे, तिला दोन महिन्यांच्या फिजिओथेरपीसाठी स्वतःची पदरमोड करावी लागते आणि त्यासाठी शाळेची वेळ सांभाळून शहराच्या दुसऱ्या टोकाला जावे लागते. ती दोनदा जाते, तिसऱ्यांदा वेदनाशामक गोळी घेते. याच गुडघ्यावर वीस वर्षांनी लाखभर रुपये खर्च करण्यास शासन तयार असते. आज काही हजारांसाठी मात्र त्याच्याकडे शीर्षक नाही.

यावर असे म्हटले जाते की, वजन ही ज्याची त्याची जबाबदारी आहे. शासनाने किती ठिकाणी पुरे पडावे? खाणे-पिणे हा व्यक्तीचा प्रश्न आहे, हे मान्य केले तरी चालण्याची जागा हा व्यक्तीचा प्रश्न नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ २०२२ मध्ये पुरेशी शारीरिक हालचाल करीत नव्हते. स्त्रियांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के, तर पुरुषांमध्ये ४२ टक्के होते. स्त्रिया अधिक आळशी आहेत, असा याचा अर्थ कोणी लावणार नाही. दिवसभर घरात राबूनही मोकळेपणाने चालण्यासाठी वेळ नाही, आणि वेळ काढलाच तर पदपथ फेरीवाल्यांनी, दुचाकींनी व खोदकामांनी व्यापलेला, अशी ही स्थिती आहे. उंच पदपथावर पाय टाकताना तोल गेलेली वृद्धा पुन्हा फिरावयास बाहेर पडत नाही. तिचे वाढलेले वजन काही अंशी नगरपालिकेच्याही नावे मांडले पाहिजे.

उपाय खर्चाचा आहे, असेही नाही. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून ‘ग्लॅड’ नावाचा कार्यक्रम चालतो. त्यात गुडघा व कमरेच्या सांध्याचे दुखणे असलेल्यांना रोगाची माहिती देणारे दोन-तीन वर्ग आणि प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली सामूहिक व्यायामाची बारा सत्रे दिली जातात. पुढे कॅनडा व ऑस्ट्रेलियासह अन्य देशांनीही तो स्वीकारला. त्यासाठी लागते ती एक खोली, काही खुर्च्या आणि एक जाणता शिक्षक. गावोगावच्या आरोग्य उपकेंद्रांना २०२३ मध्ये ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ असे नाव देण्यात आले आहे. त्या मंदिरांत आठवड्यातून दोन दिवस असा वर्ग भरविणे अशक्य नाही. शहरांत शाळांची सभागृहे सायंकाळी रिकामी असतात. फिजिओथेरपिस्टांच्या व्यवसायाला २०२१ च्या कायद्याने वैधानिक चौकट मिळाली आहे; त्यांच्यासाठी तालुका पातळीवर पदे निर्माण करून ती भरणे, ही पुढची पायरी ठरावी. बाह्यरुग्ण फिजिओथेरपीची ठरावीक सत्रे शासकीय योजनांत समाविष्ट झाली, तर आज नाही तरी दहा वर्षांनी शस्त्रक्रियांवरील काही खर्च वाचू शकेल.

जानेवारी २०२५ मध्ये एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळाने लठ्ठपणाची नवी व्याख्या मांडली. केवळ वजनाच्या आकड्यावरून रोग ठरवू नये, त्याने शरीराच्या कार्यात कोणती बाधा आली ते पाहावे, असे तिचे सूत्र आहे. ज्या लक्षणांवरून रोग ठरवावयाचा, त्यांत गुडघा किंवा कमरेच्या सांध्याची तीव्र व दीर्घकालीन वेदना आणि ताठरपणा यांचाही समावेश करण्यात आला. गुडघेदुखी ही वार्धक्याची अटळ भेट नव्हे, उपचारास पात्र असा रोग आहे, ही मान्यता यात अंतर्भूत आहे. पंतप्रधानांनी तेलाचा डबा हलका करण्यास सांगितले, ते योग्यच झाले. आता तेल कमी करणाऱ्या कुटुंबाला जवळच्या केंद्रात व्यायाम शिकविणारा माणूस आणि घराबाहेर चालण्याजोगा पदपथ मिळतो की नाही, हे पाहण्याचे काम सरकारचे आणि नगरपालिकांचे आहे. ते झाले नाही, तर डॉक्टरांचा सल्ला आणि रुग्णाची अडचण ही दोन्ही सत्ये एकमेकांसमोर अशीच उभी राहतील आणि शस्त्रक्रियांची प्रतीक्षायादी तेवढी लांबत जाईल.